गौलीगुड्याची अक्षत

मुलीचा संसार कधीच रुळला, पण लग्नाच्या दिवशीचा माझा राग अजून उतरलेला नाही.

आमच्याकडे लग्नाचं बोलावणं अक्षत देऊन होतं. घरी जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवून 'यायचं' म्हणायचं. बायकोला सख्खा भाऊ नाही. आमच्याच शहरात, गौलीगुड्यात राहणारे तिचे चुलतभाऊ मामा म्हणून मुलीला बोहल्यावर आणणार होते. आम्ही दोघं अक्षत द्यायला नांदेडकडची घरं करत होतो, म्हणून त्यांची अक्षत मुलावर सोपवली. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरापासून जेमतेम तीन किलोमीटर. पाव लिटर पेट्रोलही लागत नाही. बायको मामांशी फोनवर दोनदा बोलली, पण अक्षत आली नाही हे त्यांनी सांगितलं नाही. असला मान कुणी मागून घेत नाही.

मुहूर्त जवळ आला आणि मामांचा पत्ता नाही. मुलगा हॉलच्या दारात मोबाईल कानाला लावून उभा.

"उचलत नाहीत, पप्पा."

"अक्षत कधी दिलीस?"

"मेसेज केला होता. डिलिव्हर्ड आलंय. दाखवू?"

त्याने खरोखर मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. इंग्रजी अक्षरांतली मराठी. आजूबाजूचे चौघे तोच नंबर लावत होते. पाय कुणाचाच हलत नव्हता.

"गौलीगुडा काय चंद्रावर आहे?" मी ओरडलो. व्याही वळून बघू लागले. बघोत. कुंकवाची कोयरी आणि मूठभर अक्षता घेऊन मी स्कूटर काढली.

मामा दारातच खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला फेटा.

"दाजी? आज इकडं कसं काय?"

"बोलावणं करायला आलोय."

"हौ? ते डबडं वाजलं होतं खरं. मला वाटलं, कंपनीची जाहिरात."

मी कुंकू लावलं, अक्षता दिल्या, हात जोडले. त्यांनी लगेच चपला घातल्या.

वाटेत माझ्या खिशातला मोबाईल वाजतच राहिला.

"उचला की," मागून मामा म्हणाले, "कुणाच्यातरी लग्नाचं आमंत्रण असेल."

मुहूर्त टळला होता. मुलीचे डोळे रडून सुजले होते. मामांनी तिला बोहल्यावर आणलं, मंगलाष्टकं सुरू झाली.

"बघा, आले ना मामा? उगाच टेन्शन घेता," मुलगा माझ्या कानाशी म्हणाला आणि दोन्ही हातांनी मोबाईल उंच धरून फोटो काढू लागला. बहिणीवर अक्षता टाकायला त्याचा हात मोकळा नव्हता.