नावेला कुलूप

तापीवरचा पूल उघडला तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. लाल जाजम, आंब्याच्या पानांची तोरणं आणि भर उन्हात लोकरी कोट घालून आलेले साहेब. 'आज दोन्ही काठ एक झाले,' असं साहेबांच्या वतीने मामलेदार म्हणाले. टाळ्या आधी शिपायाने वाजवल्या, मग आम्ही. पूल आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या गाडीवाटेवर होता, एवढंच भाषणात राहून गेलं.

आमच्या गावाला नाव होती. समोरच्या काठावरून कुणी हाक मारली की भोई नाव सोडायचा आणि हातातली चिलीम विझायच्या आत माणूस इकडे. माझी थोरली बहीण समोरच्याच गावी दिलेली. पूल झाला तशी सरकारने नाव बंद केली आणि साखळीने निंबाला बांधून कुलूप घातलं. त्या कुलपासाठीही एक कारकून आणि दोन शिपाई आले होते.

त्याच पावसाळ्यात बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. वडील पुलावरून गाडी घेऊन गेले आणि रिकामी गाडी घेऊन आले. तिच्या सासूने पाठवलं नव्हतं.

"मास्तर, नावमा बठनं म्हनजे मायनी मांडीवर बठनं," ती म्हणाली होती. "पुलवरथून गई ते तापीमायना डोकावर पाय पडी. पोटुशी पोर शे. मी नही धाडाव."

वडील शाळामास्तर, पुण्याचं वर्तमानपत्र वाचणारे. त्यात याला उत्तर नव्हतं.

आईने तिकडे जावं, तर आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचा उंबरा ओलांडत नाही. वडील भोयाकडे गेले.

"एकच खेप कर. पोरीला तेवढी आण."

"नाव शे मास्तर, चावी नही. चावी साहेबनी पेटीमा."

"मग कुलूप तोड."

"तुम्ही तोडा. मी तिकडे देखस नही."

वडिलांनी दगड उचलला. शाळा सरकारी होती. दगड त्यांनी होता तिथे नीट ठेवला.

मग रोज सकाळी आई या काठावर आणि बहीण त्या काठावर. मध्ये गढूळ, फुगलेलं पाणी.

"काय खाल्लंस?" आई ओरडायची.

"भाकर! वांगं नको वाटतं!"

"मग नको खाऊ! सासूला सांग, मी सांगितलं!"

"तूच सांग!" बहीण हसत ओरडायची, आणि धुणं धुणाऱ्या बायका आईच्या आधी हसायच्या. अख्ख्या गावाला तिच्या डोहाळ्यांची बातमी असे.

एका सकाळी तिच्या जागी तिचा दीर आला. तोंडापाशी हात धरून ओरडला, "सुटनी ओऽऽ! सुटनी!"

आमच्याकडे बाई बाळंत झाली तरी सुटनी म्हणतात, आणि तिचा श्वास संपला तरी सुटनीच.

"कशी सुटनी?" आई पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरली. "अरे, कशी शे ती?"

वारा तिकडून होता. त्याचं आम्हाला ऐकू आलं, आमचं त्याला पोचेना. त्याने काहीतरी हातवारे केले आणि तो वळला. भोयाने साखळी नुसतीच ओढून पाहिली.

वडिलांनी गाडी जुंपली. ते रातोरात गाडी हाकून दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तोवर आईने घर पाहिलं नाही, पावसात काठावरच बसून राहिली. बायका येत, एक म्हणे बाळंत झाली असेल, दुसरी नदीकडे तोंड फिरवी.

बहीण होती. तापाने फणफणत होती, पण होती. मूल रडायच्या आतच गेलं होतं.

"मग मी जाते," आई म्हणाली आणि ओल्या लुगड्यानेच गाडीत चढली.

पण वडील आधी पारावर विचारायला गेले. न रडलेलं मूल मूल धरायचं की नाही, म्हणजे आईला लेकीचा उंबरा मोकळा झाला की नाही? दोघे म्हातारे म्हणाले, धरावं. तिसऱ्याने असं कधी ऐकलं नव्हतं. चौथा म्हणाला, घाई कशाला, समोरच्या गावच्या जाणत्यांचंही मत घेऊ. वडील हात बांधून उभे होते, वर्गात मुलं उभी राहत तसे. मी पारावरून गाडीकडे धावत गेलो, तर आई विचारत होती, "काय ठरलं?"

"बोलताहेत," मी म्हणालो.

तिने बैलांकडे पाहिलं. त्यांना हाकायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.