भाग्यश्रीचा हातक्लच

भाग्यश्रीला राग आला की तळवड्यातल्या तिच्या अख्ख्या गल्लीला कळतं. त्या दिवशी तर समोरच्या गिरणीवाल्यानं पट्टा बंद करून कान टवकारले. तिच्या मोबाइलवर इन्शुरन्स कंपनीचा मेसेज आला होता. वाहनात केलेला बदल पॉलिसी घेताना कळवला नाही, म्हणून क्लेम नामंजूर.

“नामंजूर म्हणे!” ती दारातच ओरडली. “उभी होती माझी गाडी! बंद करून, चावी खिशात घेऊन मी घरात जेवत होते! ट्रेलरनं येऊन चेचली आणि चूक माझी?”

बाई रागावली होती ते बरोबरच होतं. ऐकणाऱ्याचंही डोकं फिरावं असंच ते प्रकरण.

भाग्यश्रीचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. पाय आहे, जोर नाही. कॅलिपर बांधून चालते, आणि चांगली झपाझपा चालते. पण शाळेच्या सहलीला तिला कधी नेलं नाही, लग्नाच्या वरातीत कधी पुढं घेतलं नाही. “तुला त्रास होईल गं,” असं गोड बोलून माणसं स्वतःचाच त्रास वाचवतात. ते गोड बोलणं गिळून गिळून हिची जीभ अशी तिखट झाली.

पुढं हिंजवडीत एका कंपनीत पगाराच्या विभागात ती लागली. कंपनीची कॅब होती, पण त्या कॅबवाल्यांनी जीव नकोसा केला. खालून हॉर्नवर हॉर्न. हिला जिना उतरायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात गडी पसार, आणि वर कंपनीला कळवायचा, मॅडम आल्याच नाहीत. असं चारदा झाल्यावर साहेबांनी बोलावून विचारलं, “घरून निघायला जमत नाही का तुम्हाला?” त्या संध्याकाळी ती घरी आली ती गाडी घ्यायचीच असं ठरवून.

लायसन्स तिनं रीतसर काढलं, अपंगांच्या एका संस्थेच्या गाडीवर परीक्षा देऊन. स्वतःसाठी गाडी घेतली ती मात्र जुनी आणि साधी. क्लच दाबायला डावाच पाय लागणार.

इथं तिचे वडील येतात. साहेबराव चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. सरळमार्गी माणूस, बोलायला एकदम कमी. पोरीनं गाडी आणली तेव्हा त्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. त्यांनी क्लचकडं बघितलं, पोरीच्या पायाकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कामाला लागले. टूलरूमची सगळी पोरं मदतीला. कुणी लेथवर पिन काढून दिली, कुणी वेल्डिंग मारलं. गिअरच्या दांड्यावर बसणारा एक चाप तयार झाला. तो हातानं दाबला की वायर ओढली जायची आणि खाली क्लच आपोआप दबायचा. झाला हातक्लच.

आता तो कारखान्याबाहेर न्यायचा कसा? गेटवर येताजाता झडती. पण त्या कारखान्यात एक रीत आहे. माणूस रिटायर होतो त्या दिवशी त्याची पिशवी तपासत नाहीत. पोरं हार घालून, ताशा वाजवत त्याला गेटपर्यंत आणतात आणि वॉचमन बाजूला उभा राहून सलाम ठोकतो. इतक्या वर्षांत साधा वायसर घरी न नेलेले साहेबराव त्या दिवशी शाल, नारळ आणि त्याखाली हातक्लच घेऊन बाहेर पडले. घरात त्यावर किती हसले सगळे! एकटे साहेबराव हसले नाहीत.

तळवड्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर त्यांनीच पोरीला हातक्लच शिकवला. शेजारी बसून, न ओरडता. आणि भाग्यश्री हिंजवडीला एकटी जायला लागली. ट्रॅफिकमध्ये अडकली तरी खूश. “अडकले तर माझ्या गाडीत अडकले,” म्हणायची.

या बदलाची नोंद करायला विसरले असं नाही हं. साहेबराव गेले होते आरटीओत. तिथं बाहेर बसणाऱ्या एजंटानं विचारलं, “बसवला कुठल्या वर्कशॉपनं? बिल दाखवा.” साहेबराव तसेच मागं फिरले. घरी सांगितलं, “होईल सावकाश.” आणि पॉलिसी काढणारा जयदीप, तो तर त्याहून शहाणा. कुरुळीच्या जुन्या घरातला पोरगा. जमिनी कंपन्यांत गेल्या, आता प्लॉटिंग करतो आणि जोडीला इन्शुरन्स विकतो. भाग्यश्रीनं त्याला तोंडावर विचारलं होतं, “हे दाखवायचं ना?”

“न्हाई ओ ताई! कशाला दाखवता? हप्ता वाढंल फुकट. सीटकव्हर लावल्यावर कोण सांगाय जातंय का? त्यातलंच हाय हे. मी हाय ना!”

असा हा ‘मी हाय ना’.

आणि मग एका रविवारी दुपारी पोलादाची गुंडाळी घेऊन आलेला ट्रेलर रस्ता चुकून गल्लीत शिरला. मागं घेताना त्यानं भाग्यश्रीच्या गाडीचं तोंड पार बसवलं. लोक ताटावरून उठून बाहेर येईपर्यंत तो निघूनही गेला. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा भाग्यश्री कामावर होती. घरी साहेबराव होते. सर्व्हेअरनं आत वाकून बघितलं, चापाचे फोटो काढले, दोनचार प्रश्न विचारले आणि गेला. त्याचं फळ म्हणजे तो मेसेज.

जयदीप धावत आला. त्याच्याकडं तोडगा तयार.

“ताई, डोकं शांत ठेवा. चाप काढून टाकायचा. परत सर्व्हे मागवू. फोटोत काय नीट दिसत न्हाई म्हणून सांगतो मी. गाडी नागसेन चालवतो म्हणायचं. इषय संपला.”

नागसेन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला धड सायकल सांभाळता येत नाही.

“आणि मी? मी काय मागं बसून टाळ्या वाजवते?”

“कागदावर ओ ताई, नुसतं कागदावर!”

ती पुढं काही बोलणार, तर साहेबराव पाना घेऊन खाली निघालेले. ती कॅलिपर आपटत मागोमाग गेली आणि गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

“हात लावून बघा, पप्पा!”

“पोरी, ऐक माझं. उद्या कुणी विचारलं, कुठं बनवला, माल कुणाचा, तर काय सांगू? ज्या गेटातनं हार घालून बाहेर आलो, त्याच गेटात चोर म्हणून नाव निघंल माझं.”

“पसाभर पोलादापायी मला गाडीतनं उतरवता?”

साहेबरावांनी पाना खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी बापलेक आणि जयदीप असे तिघं चिंचवडला इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात गेले. गाडी नीट झाली नाही तर पुन्हा तो हॉर्न, पुन्हा तो जिना, पुन्हा मॅडम आल्याच नाहीत. भाग्यश्रीला ते परत नको होतं, मेली तरी नको होतं.

अधिकारी बोलायला मऊ होता, आणि मऊ बोलणाऱ्यांचा तर तिला आधीपासूनच तिटकारा.

“मॅडम, तुम्ही हे रीतसर केलं असतं, आरसीवर नोंद असती, आम्हाला कळवलं असतं, तर उलट हप्ता कमी झाला असता. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला सवलत असते.”

“काय?” भाग्यश्रीनं मान वळवली. “जयदीप, काय म्हणतायत हे?”

“एक फोन घेऊन आलोच,” म्हणत जयदीप उठला. तो जो गेला तो गेलाच. मेल्याचा फोन वाजलासुद्धा नव्हता.

तिनं टेबलावर हात आपटला. पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

“ठीक आहे! नाही कळवलं, माझं चुकलं. पण उभ्या गाडीवर ट्रेलर आला त्यात क्लचचा काय संबंध? मला लेखी द्या. लिहा, की या बाईनं क्लच हातानं दाबायची सोय केली, म्हणून ट्रेलर मागं येऊन आदळला. शिक्का मारा आणि द्या!”

अधिकारी पाणी प्यायला. तसं लिहून द्यायची कुणाची छाती होणार? पुढं तक्रारीवर तक्रार करून अर्धेमुर्धे पैसे तिनं सोडवलेच, पण ते नंतरचं. त्या क्षणी त्या माणसानं समोरच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

“अडचण आणखी एक आहे, मॅडम. सर्व्हेअरनं जबाब घेतलाय, की गाडी तुम्ही चालवतच नाही. तुमचे भाऊ चालवतात. मग हा बदल अपंग व्यक्तीसाठी केलाय, हे आम्ही कसं धरायचं?”

“कुणी दिला असला जबाब?”

अधिकाऱ्यानं साहेबरावांकडं बघितलं. साहेबरावांनी खाली बघितलं.

भाग्यश्रीची कानशिलं तापली, डोळे भरून आले आणि त्या डोळ्यांचाही तिला राग आला.

“पप्पा, तुम्ही?” ती म्हणाली. “दुनिया म्हणत होती, हिला जमणार नाही. दुनियेला मी कोळून प्यायले. पण मला शिकवलं तुम्ही. शेजारी बसून शिकवलंत. आणि तुम्हीच सांगितलं, मी चालवत नाही?”

“घाबरलो गं. तू चालवतेस म्हटलं असतं, तर चाप कुणी बनवला, माल कुठला, हे विचारलं असतं.”

“मी नाही का घाबरत? रोज हायवेला लागताना घाबरते मी!”

साहेबराव उठून उभे राहिले. आयुष्यात कधी साहेबासमोर मान वर न केलेला माणूस.

“साहेब, मी खोटं सांगितलं. चाप मी बनवला. माल कारखान्याचा. न विचारता आणला, पिशवीतनं आणला. मी चोर आहे, तसं लिहून घ्या.”

अधिकारी गोंधळला. “काका, माल कुणाचा ते आम्हाला काय करायचंय? तो रकानासुद्धा नाही आमच्याकडं.”

ज्या प्रश्नाच्या भीतीपायी साहेबरावांनी पोरीला तिच्याच गाडीतून उतरवलं होतं, तो कुणी विचारणारच नव्हतं.

“गाडी कोण चालवतं, तेवढं सांगा,” अधिकारी म्हणाला.

“ही चालवते,” साहेबराव पुटपुटले.

“मोठ्यानं सांगा, पप्पा,” भाग्यश्री म्हणाली. तिचा राग तसूभर उतरला नव्हता. “त्या दाराजवळच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.”

साहेबरावांनी सगळ्या ऑफिसकडं तोंड केलं.

“गाडी माझी मुलगी चालवते!”