थंडीतला रोवणा

संगीताचा फोन आला तेव्हा मी जावयाला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर सोडून परत निघालो होतो. संगीता म्हणजे शैलाताईची भाचेसून, रायपूरकडची; ताईला ती बुआजी म्हणायची. "काकाजी, बुआजी नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. महिना उलटून गेला, पण अजूनही कुणी काही नवलाचं सांगितलं की वाटतं, हे ताईच्या कानावर घालायला हवं, ती आणखी चार गोष्टी खोदून काढील.

शैलाताई माझी मावसबहीण. दवनीवाड्याची, धान पिकवणाऱ्या घरातली. वकिली शिकून दिल्लीला गेली आणि तिथं तिनं जन्मभर जे काम केलं ते आमच्यापैकी कुणालाच धड सांगता येत नसे. माझी आई लोकांना "शैला कोर्टात आहे" असं ठोकून द्यायची. कोर्ट नव्हतं ते. आपल्याच देशातल्या सरकारविरुद्ध बोलल्यामुळं, सभा घेतल्यामुळं, भिंतीवर पत्रकं चिकटवल्यामुळं ज्यांच्या मागं पोलीस लागले, अशी परदेशातली माणसं तिच्या कचेरीत आसरा मागायला येत. ताई दुभाष्यामार्फत त्यांचं सगळं ऐकून घ्यायची आणि ह्या माणसाला आसरा द्यावा की नाही, ते लिहायची. मला त्या कामाचं भारी कुतूहल. ती गावी आली की मी मागंच लागायचो. "पण ताई, खोटं बोलणारा ओळखते कशी तू?"

"खोटं ओळखाचं काम नसते, विजू. याले वापस धाडलं तं याचं काय होईन, थे ओळखाचं असते."

"अन् तू चुकली तं?"

यावर ती चहा ठेवायला उठून गेली. एरवी माझ्या हातचाच चहा प्यायची.

तिची संक्रांतीची एक फेरी माझ्या पक्की लक्षात आहे. बऱ्याच वर्षांनी ऐन थंडीत आली होती. गोंदियाच्या स्टेशनवरून मी तिला स्कूटरवर बसवून दवनीवाड्याला निघालो. वाटेत शेतातल्या बांध्यांमध्ये बाया गुडघाभर पाण्यात वाकून रोप लावत होत्या. ताईनं माझ्या खांद्यावर थापच मारली. "थांब, थांब! ह्या काय करून राहिल्या?"

"रोवणा. उन्हाळी धानाचा."

"आता? थंडीत?"

"मंग? पानी आहे तं लावून राहिल्या. तुह्या लहानपणी नव्हतं पानी. एकच पीक निघे."

ती शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. एका बाईशी काहीतरी बोलली, वाकून पाण्यात हात घातला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. घरी मावशी तिळाचे लाडू वळत बसलेली, आणि ही म्हणते, मी आजच परत जाते! मावशी रडायला लागली. मी वैतागून बोललो, "काऊन आली होती मंग?" ती त्याच दिवशीच्या गाडीनं दिल्लीला परत गेली. त्या रागात मी तिच्याशी बरेच दिवस बोललो नव्हतो.

खरं काय झालं होतं ते तिनं निवृत्तीनंतर सांगितलं. तोवर तिनं गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधलं होतं. नाव सांगायचं नाही, देश सांगायचा नाही, तेवढं पथ्य तिनं शेवटपर्यंत पाळलं. एक शेतकरी माणूस होता, विरोधी पक्षाचा कार्यकर्ता. पोलिसांनी गावावर धाड घातली तेव्हा आपण शेतातून पळालो, रोवणा चालू होता, असं तो म्हणाला. धाड पडली होती जानेवारीत, ते कचेरीला पक्कं ठाऊक होतं. ताईनं त्याला तीनतीनदा विचारलं, नक्की रोवणाच चालू होता? तीनदा तो हो म्हणाला. "मले वाटलं, हा मले धान शिकवून राहिला! मी धानाच्या घरची. रोवणा म्हणजे पाण्यापावसाचे दिवस." दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याला शंका आली असती, त्यानं चौकशी केली असती. ताईला मात्र खात्री होती. तारखेचा मेळ बसत नाही, हे तिनं त्या माणसाला बोलूनसुद्धा दाखवलं नाही. धाड पडली तेव्हा हा गावात नव्हताच असं धरलं आणि नकार लिहून टाकला.

संक्रांत टाकून ती पळाली ती त्यासाठी. चूक माझी आहे असं वरिष्ठांना लिहून दिलं, फेरसुनावणी मागून घेतली. त्या माणसाला बोलावणं गेलं… तो आला नाही. राहता पत्ता सोडून गेला होता. धरून परत नेला, का आणखी कुठल्या मुलखात तगला, ताईला कधीच कळलं नाही. "एक गोष्ट इचारली असती तं झालं असतं, विजू. तुमच्याकडं रोवणा कधी करता, बस." हे सांगताना ती रडली नाही. मला मात्र ऐकवेना.

तेरवीनंतर मुर्रीच्या घरी गेलो; संगीता तिथंच ताईजवळ राहायची. संगीता सांगत होती, लग्न होऊन आली तेव्हा घरातला जो तो तिला आमच्याकडं असं करतात, तसं करतात हे शिकवायला बसला होता. भाजी कशी चिरायची इथपासून. "एक बुआजी ही पूछती थीं, तुम्हारे यहाँ कैसे करते हैं? हर बात में पूछती थीं." भाजीवालीला, गवंड्याला, दारावर आलेल्या कुणालाही ताई हेच विचारायची म्हणे. ज्या एकाला विचारायचं राहिलं, तो सोडून तिनं साऱ्या जगाला विचारलं होतं. संगीताला मी ह्यातलं काही बोललो नाही.

तिनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "काकाजी, बुआजी के बाद का पहला त्योहार आ रहा है. हमारे यहाँ कढ़ाई नहीं चढ़ती, कुछ तला नहीं जाता. आपके यहाँ कैसे करते हैं?"

आमच्याकडं कसं करतात ते मी तिला सांगू लागलो, आणि दोन वाक्यांतच थांबून तिलाच विचारलं, तुमच्याकडं आणखी काय काय करतात.