एका खिळ्याचं घर

नर्स गयाबाईंच्या बैठकीत एकच खिळा होता. चारही भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, कोऱ्या. दिवळीत बुद्धाची लहानशी मूर्ती, जमिनीवर चटई, आणि दारासमोरच्या भिंतीवर तो खिळा. त्यावर कधी काय लटकेल याचा नेम नसे. एकदा करडईच्या फुलांची जुडी दिसली, पुढच्या खेपेला कुणा बाळंतिणीनं दिलेलं अंगडं, आणि एकदा तर नुसती ओली छत्री. मला हसू फुटलं तशा म्हणाल्या, "काहून हसून राहिलीस? आज हिच्यामुळं कोरडी आले मी. आजचा मान हिचा."

डोंगरकडा या गावी मी लग्न होऊन आले ते सत्तरच्या दशकात. नवरा शाळेत मास्तर, मातीच्या सपाट छपराच्या, धाब्याच्या दोन खोल्या भाड्याच्या. आई लवकर गेल्यानं मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. अक्का नांदेडला एका साहेबाला दिलेली. तिच्याकडे सोफा, काचेचं शोकेस, जाळीचे पडदे. घर म्हणजे अक्काचं घर, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी आमच्या बैठकीत तिचीच नक्कल मांडली. मण्यांचं तोरण, प्लास्टिकची द्राक्षं, क्रोशाचे रुमाल, खोळ चढवलेल्या दोन लोखंडी खुर्च्या. मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की पोपड्यासकट हातात यायचा. मग शेजारी दुसरा ठोकायचा. नवरा शाळेतून आला की बैठकीतून अंग चोरून थेट स्वयंपाकघरात शिरायचा. त्याला त्या खोलीची धास्तीच बसली होती म्हणा ना.

एवढं करूनही ती खोली अक्काच्या घरासारखी दिसेना, आणि मला अक्काला बोलवायचा धीर होईना. तिनं विचारलं, की मी काहीतरी कारण काढायची. पाहुणे आलेत, धाबं गळतंय, सध्या नको. असं करत वर्ष उलटून गेलं. शेवटी नांदेडला गेलेल्या एका मास्तरांबरोबर तिचा निरोप आला, "तिला म्हणावं, माझं काही चुकलं का?" तो ऐकून माझा जीव गलबलला. तरी 'ये' असं तोंडातून निघेना.

हे रडगाणं मी गयाबाईंना ऐकवलं होतं. त्या माझ्या खिळ्यांच्या भोकांकडे बघत म्हणायच्या, "भोक पाडायला येळ लागत न्हाई, बुजवायला लागतो. आधी राहून बघावं, मग ठोकावं." गावातल्या बऱ्याच घरांत त्यांना नर्स म्हणून हाक मारत, वेगळ्या कपात चहा देत, आणि बैठकीपलीकडे आत कुणी बोलवत नसे. हे त्या कुरकुर न करता सांगत. "साऱ्या गावाच्या बैठका पाठ हायेत मला. समद्या एकसारख्या. एकाच बाईच्या घरी दहांदा गेल्यावानी वाटतं."

त्या वर्षी मला थंडीताप आला. मी चुलीजवळच घोंगडी ओढून पडले होते. गयाबाईंनी बाहेरून हाका मारल्या, ओ मिळाली नाही, तशा सरळ आत आल्या. गोळ्या दिल्या, कपाळावर हात ठेवला, आणि मग जायचं सोडून भिंतींकडे बघत उभ्या राहिल्या. चुलीभोवती मी गेरूचा पट्टा ओढून त्यावर पांढऱ्या मातीचे ठिपके दिले होते. खिडकीच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत मसूर, मूग, तूर, हरभरा, करडई. तेवढ्यात ऊन आत येऊन बाटल्यांवर पडलं.

"हे कुनी केलं?"

"मीच."

"कुनासाठी?"

"कुणासाठी कशाला? स्वयंपाकघर आहे. इथं कोण बघतं?"

गयाबाई मनापासून हसल्या. "तेच म्हनते मी! हितं कुनी बघत न्हाई, म्हनून बराबर जमलंय. भाईरची बैठक तुज्या अक्काची हाय, पोरी. तुजं घर हे हाय. हेच भाईर ने."

तापातही मला राग आला. "बैठकीत डाळीच्या बाटल्या मांडू? लोक हसतील."

"हसू दे की! हसनारं मानूस निदान बसंल तरी. तुज्या खुर्चीवर बसलेलं मी अजून कुनी पाह्यलं न्हाई."

ताप उतरल्यावर एका रविवारी मी तोरण आणि द्राक्षं उतरवली. गयाबाई पांढरी माती भिजवून घेऊन आल्या आणि एकेक भोक बोटानं बुजवू लागल्या. भिंत कोरी झाल्यावर मी विचारलं, "आता काय लावू?" त्यांनी माती लागलेला हात वर केला. "मला इचारू नको. मी सांगितलं तर ती माझी बैठक व्हईल."

मग मी उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत गेरू ओढला, मनाला येतील तसे ठिपके दिले, बाटल्या खिडकीत मांडल्या, खुर्च्या मागे नेल्या आणि सतरंजी अंथरली. त्या संध्याकाळी नवरा पेपर तपासायला बैठकीत बसला, ते जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी मी अक्काला निरोप धाडला, ये.

ती दारात उभी राहिली. "शोकेस अजून घ्यायचंय," असं मी बोलायला लागले, तोवर अक्का भिंतीला टेकून पाय पसरून बसलीही होती. बाटल्यांकडे बघता बघता तिथंच आडवी झाली आणि चक्क घोरू लागली. उठल्यावर म्हणाली, "आमच्या सोफ्यावर मी एकदा तरी अशी निजले का गं? खोळ चुरगळते ना." मग मी इतके दिवस का बोलावलं नाही ते तिला खरं खरं सांगितलं. "येडी का खुळी तू!" म्हणत तिनं पाठीत धपाटा घातला आणि मला जवळ ओढून रडली. दोन दिवसांसाठी आलेली, आठवडाभर राहिली.

मी एका लहान सुपाला बाहेरून गेरू आणि ठिपके देऊन ते गयाबाईंना नेऊन दिलं. दुसरं माझ्याजवळ होतं तरी काय? त्यांनी ते लगेच खिळ्यावर टांगलं आणि बदली होईपर्यंत काढलं नाही. जाताना खिळा उपटून भोक बुजवलं. "येनारीला भिंत कोरी मिळू दे."

गयाबाई आता नाहीत. निवृत्तीनंतर त्या कळमनुरीला राहत होत्या, तिथं मी त्यांना शेवटचं भेटले. आत शिरताच माझी नजर तिथल्या बैठकीतल्या एकुलत्या खिळ्यावर गेली. तिथं कुणाचं तरी टोपडं होतं. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्यांच्या नजरेतून ते थोडंच सुटणार! माझा हात धरून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. सूप चुलीशेजारी होतं, त्यात अर्धवट पाखडलेली तूरडाळ. जिथं जिथं त्यांची बोटं धरत, तिथले ठिपके झिजून पुसून गेले होते.

"नाराज झालीस व्हय?" पाट माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. "खिळ्यावर पाव्हने ऱ्हातात गं. घरचं मानूस आत असतं."