विहीणबाईंपासून लपवलेले पाय

आधीच सांगून ठेवते, या सगळ्यात चूक माझी आहे. आजोबांची नाही, आईची नाही, थायलंडची तर मुळीच नाही. तुम्ही चहा पिता पिता वाचत असाल तर कप जरा खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मला बोलू नका!

हे मी तोंडाने कधीच सांगू शकले नसते. वर्गात हजेरीच्या वेळी माझं ‘प्रेझेंट मॅम’ दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. मॅडमनी मला समोर बसलेली असताना दोनदा गैरहजर लावलं आहे. म्हणून लिहूनच सांगते.

तर माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, बँकॉकला नोकरी करतो. तिथे त्याला प्लॉय नावाची मुलगी आवडली. थाई मुलगी! उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या घरी ही बातमी आली. आजोबा रेल्वेत गार्ड होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “मुलगी चांगली आहे ना? मग झालं तर. माझ्याकडून हिरवी झंडी.”

आमच्याकडून काही अडलं नव्हतं. अडलं होतं तिकडे. प्लॉयला वडील नाहीत, फक्त आई आहे. लग्नानंतर दोघं इकडेच राहायला येणार होते, म्हणून आईचं म्हणणं एकच: घरातली माणसं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

मग ठरलं, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळेच थायलंडला जायचं. फिरणंही होईल आणि विहीणबाईंना आम्ही दिसूही. पासपोर्ट निघाले. आईने फ्रीगंजच्या बाजारातून इतकी मोठी सूटकेस आणली की बाबा म्हणाले, “इसमें तो मैं भी आ जाऊँगा, माझं तिकीट कशाला काढलंस?” आणि काकाने फोनवर बजावलं, “वहिनी, सामान कमी-जास्त झालं तरी चालेल. पण इथले रीतिरिवाज समजून या. प्लॉयच्या आईला एखादी गोष्ट खटकली ना, तर माझं लग्न गेलंच म्हणून समजा.”

आता रीतिरिवाज समजून घ्यायचं काम कोणाकडे जाणार? घरात वही नीट ठेवणारी एकच व्यक्ती आहे. रेवा. म्हणजे मी.

मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वाचलं, आणि निळ्या शाईने लिहून काढलं. थाई लोकांमध्ये डोकं शरीराचा सगळ्यात पवित्र भाग, म्हणून कोणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. पाय सगळ्यात खालचे, म्हणून पाय कोणाकडे करायचे नाहीत, पायाने काही सरकवायचं नाही, आणि होता होईल तो पाय दाखवायचेच नाहीत. (हे शेवटचं मी माझ्या मनाने घातलं होतं. काळजी म्हणून!) आवाज चढवायचा नाही. आणि काहीही झालं तरी चेहरा हसरा ठेवायचा.

वाचायला सोपं वाटतं ना? आमच्या घरात करून बघा!

आजोबांचे पाय म्हणजे त्यांचे दोन जास्तीचे हात आहेत. दार पायाने लोटणार, स्टूल पायाने ओढणार, कूलरचं बटणसुद्धा अंगठ्याने दाबणार. मी शिक्षा ठरवली, ज्याचा पाय दिसेल त्याच्या पोह्यांवर शेव नाही. उज्जैनच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसते. आजोबांनी सलग चार दिवस बिनशेवेचे पोहे खाल्ले आणि पाचव्या दिवशी सरळ झाले. सोफ्यावर बसले की मांडीवरची शाल पावलांपर्यंत सोडायचे.

आईला माझ्या डोक्याला तेल लावायची बंदी केली. मी शाळेत निघाले की आजोबा डोक्यावर हात ठेवतात, तेही बंद. ते वीतभर वर हात धरून हवेतच आशीर्वाद द्यायला लागले. आई मुद्दाम मागून येऊन हात लावायला बघायची आणि मी पटकन खाली वाकायची. इतकी सवय झाली की पंख्याच्या वाऱ्याने केस हलले तरी मी वाकत होते.

आणि हसरा चेहरा! दोन महिन्यांत आम्ही असे तयार झालो की दूध उतू गेलं तरी आई हसत हळूच म्हणायची, “गेलं वाटतं.” शेजारच्या काकूंनी बाबांना गाठून विचारलं, “भाईसाब, घर में सब ठीक है ना? आजकल आवाज़ नहीं आती.”

थोडक्यात, मी फार खूश होते. मनात वाटायचं, काकाच्या लग्नात सगळे माझं नाव काढतील. नाव निघालं. कसं, ते ऐका.

निघायला बारा दिवस होते. रविवारी सकाळी काकाचा फोन आला. प्लॉयची आई तीर्थयात्रेच्या ग्रुपबरोबर बोधगयेला आली होती, तिथून सांचीला. काकाही सुट्टी घेऊन सोबत होता. “दादा, त्यांनी अचानक ठरवलं. म्हणतात, तिकडे नटूनथटून आलेली माणसं काय बघायची, आपण घरीच जाऊन बघू. आम्ही पहाटेच टॅक्सीने निघालोय. तीन तासांत येतो!”

तीन तास! बाबांनी इतक्या शांत आवाजात “अरे देवा” म्हटलं की मला त्यांचा अभिमान वाटला.

टॅक्सी आली ती नेमकी शेजाऱ्यांच्या गेटसमोर थांबली. शेजारचे काका खालून ओरडले, “पहले गाड़ी हटाओ, गाड़ी!” म्हणून माझा काका ड्रायव्हरला गाडी लावून द्यायला आणि सामान काढायला खालीच थांबला. विहीणबाई एकट्याच जिना चढून वर आल्या. लहानशा, पांढरा ब्लाउज, खांद्याला कापडी पिशवी. चपला त्यांनी दाराबाहेरच काढल्या.

आम्ही चौघांनी छातीशी हात जोडून मान झुकवली. त्यांनीही झुकवली. एकदम बरोबर! मला वाटलं, जमलं. ते सुख दहा सेकंद टिकलं.

मग त्यांची नजर सोफ्यावर बसलेल्या आजोबांच्या पायांकडे गेली. आणि त्या सरळ पायांकडेच वाकल्या!

आजोबांनी दचकून उजवा पाय वर घेतला. “रेवा,” ते हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटले, “दिसला का गं?”

विहीणबाई डाव्या पायाकडे वळल्या. आजोबांनी डावाही वर घेतला. आता ते सोफ्यावर उकिडवे बसले होते, जणू खाली प्लॅटफॉर्मवर पाणी भरलंय! आईने धावत जाऊन पायांवर शाल टाकली. विहीणबाई गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी शालीचं टोक शोधायला लागल्या.

“अहो विहीणबाई,” आजोबा शाल घट्ट धरून अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, “हे काय करून राहिलात? मुलीची आई तुम्ही, माझ्या पाया कशाला पडता? सूनबाई, ओढ ना शाल तिकडून!”

आईने तिकडून ओढली. विहीणबाईंनी इकडून. मला तर काही सुचेना. थाई बाई पाय शोधतेय? पाय तर वाईट असतात ना? कुठल्या व्हिडिओत हे राहून गेलं?

शेवटी त्या उठल्या. चेहरा उतरला होता. तेवढ्यात त्यांना मी दिसले, दाराच्या पडद्याला चिकटलेली. त्या जवळ आल्या, प्रयत्न करून हसल्या आणि त्यांनी माझ्या डोक्याकडे हात नेला.

काय सांगू! दोन महिन्यांची सवय. मी अशी खाली बसले की त्यांचा हात माझ्या डोक्याऐवजी मागच्या फ्रिजवरच्या लोणच्याच्या बरणीवर पडला. बरणी डगमगली. विहीणबाईंचे डोळे भरून आले.

आणि आम्ही? आम्ही चौघं त्यांच्याकडे बघून हसत होतो. दात दाखवून. नियमच होता ना!

त्यांनी पिशवी उचलली आणि दाराबाहेर जाऊन चपला घालायला लागल्या. तेवढ्यात काका बॅगा घेऊन वर आला. रडणाऱ्या विहीणबाई, हसणारे आम्ही, सोफ्यावर उकिडवे आजोबा. त्याच्या हातातली बॅग पडलीच.

विहीणबाई थाई भाषेत भराभर बोलल्या. काकाचा चेहरा पांढरा पडत गेला.

“बाबा, तुम्ही हो म्हणाला होता ना?” त्याने आजोबांना विचारलं.

“अरे, मी कुठे नाही म्हणतोय!” आजोबा हसत म्हणाले.

“हसताय काय? त्या म्हणतात, मी वाकून नमस्कार करत होते तर त्यांनी पाय लपवले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर ते अंग चोरून बसलं. मी रडले तर सगळे हसले. यांना माझी मुलगी नकोय. त्या आत्ताच परत निघाल्यात. संपलं, दादा, सगळं संपलं!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसतच, ओठ न हलवता विचारलं, “आता हसायचं थांबवू का?”

कोणाला काही समजत नव्हतं. ज्या एका व्यक्तीला समजत होतं, ती फ्रिजपाशी उकिडवी बसली होती.

“काका,” मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही. “काका.” माझं मलाच ऐकू आलं नाही. विहीणबाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या.

“काकाऽऽ! माझ्यामुळे झालं!”

खाली शेजारचे काका गेट सोडून वर बघायला लागले. मीच इतकी घाबरले की वाटलं, हे दुसरंच कोणी ओरडलं. धावत जाऊन वही आणली आणि काकाच्या हातात दिली.

काकाने वाचलं. एकदा वहीकडे, एकदा शालीकडे बघितलं. मग विहीणबाईंना जिन्यातच थांबवून एकेक ओळ थाई भाषेत सांगायला लागला. पायांची, डोक्याची, हसण्याची. शेवेच्या शिक्षेचीसुद्धा. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या वर आल्या आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत खुर्चीत बसल्या.

जीव भांड्यात पडला म्हणायचा! पण काकाचं डोकं चालायला लागलं होतं.

“तुमचं समजलं. पण यांना पाया पडायला सांगितलं कोणी? मी तर काही बोललो नव्हतो.”

त्याने विचारलं. विहीणबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. प्लॉयने त्यांना एक मेसेज पाठवला होता, खाली थाई भाषांतरासकट. काका मूळ इंग्रजी मेसेज वाचून आम्हाला मराठीत सांगायला लागला.

“आमच्या घरी आल्यावर आधी सगळ्यात मोठ्या माणसाच्या पायांना हात लावायचा. ते नको नको म्हणतील, पाय मागे घेतील. तो संकोच असतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. पाय मिळेपर्यंत सोडायचं नाही. मग घरातल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा. त्याशिवाय आपलेपणा वाटत नाही.”

काका थांबला. “खाली नाव आहे,” तो म्हणाला. “रेवा.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्लॉयने विचारलं होतं, तुमच्या घरी मोठ्यांना कसं भेटतात? लिहायचं असलं की मला संकोच वाटत नाही. मी स्पेलिंग तपासून तपासून उत्तर पाठवलं होतं. मला वाटलं, ती स्वतःसाठी विचारतेय. तिने ते आईलाही पाठवलं होतं, आणि मी पुढच्या चार महिन्यांत पार विसरून गेले होते!

मग सोफ्यावरून आजोबांचा आवाज आला.

“म्हणजे तिकडून गाडी सोडली हिनेच, आणि इकडूनही हिनेच. एकाच लाईनीवर! छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असं पाहिलं नाही.”

काकाने ते थाई भाषेत सांगितलं आणि विहीणबाई अशा हसल्या की त्यांना पदर नव्हता म्हणून, नाहीतर पदरच तोंडाला लावला असता. आजोबांनी मुंग्या आलेले पाय हळूच खाली सोडले. विहीणबाईंनी त्यांना हात लावलाच. मग माझ्याकडे आल्या. मी दोन्ही हातांनी पडदा घट्ट धरून ठेवला आणि वाकले नाही.

पोहे झाले, चहा झाला. काका मात्र कपाला तोंड लावत नव्हता. शेवटी त्याने लग्नाचं विचारलं. विहीणबाई बराच वेळ बोलत होत्या. काका ऐकता ऐकता खाली बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

“त्या म्हणतात,” तो म्हणाला, “मुलगी इतक्या लांब, परक्या माणसांत जाणार याची मला भीती होती. पण मला वाईट वाटू नये म्हणून या म्हाताऱ्या माणसाने दोन महिने स्वतःच्या घरात पाय लपवले. इथे माझी मुलगी सुखात राहील. त्या हो म्हणतात, दादा!”

आईने डोळे पुसले. बाबांनी काकाच्या पाठीत धपका घातला. मीसुद्धा रडले, थोडी आनंदाने आणि थोडी सुटले म्हणून.

“त्यांची एक अट आहे,” काका म्हणाला. “प्लॉय या घरात आली की तिला इथल्या रीती कोणीही शिकवा. वहिनींनी शिकवा, बाबांनी शिकवा, खालच्या टॅक्सीवाल्याने शिकवल्या तरी चालेल. फक्त…”

त्याला वाक्य पुरं करावंच लागलं नाही. आई, बाबा आणि आजोबा एकदम ओरडले, “मंजूर!”