भिजलेले धने

चौसाळ्याकडच्या आमच्या मळ्याला लागूनच अक्काचा मळा आहे. माघ सरत आला की ती कोथिंबिरीचे वाफे करते, धने चपलेखाली रगडून फोडते आणि रात्रभर भिजवते. दुसरं कुणी पेरत असलं की ती बांधावरून टोकायचीच.

"लई दाट पडलं, बाई. त्याला बी जागा लागती."

मला त्याचा राग यायचा.

यंदा धने भिजत घातले त्याच रात्री तिचा नवरा गेला. माती झाल्यावर दुसऱ्या सकाळी ती आमच्या बांधाशी येऊन उभी राहिली.

"खोपटात धने भिजलेत. सुतकात मला हात लावता येत न्हाई. तू टाकतीस का?"

"सुतक फिटल्यावर टाकू की, अक्का."

"भिजलेलं बी थांबत न्हाई."

मी पेरू लागले. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून बांधावर बसली. मधल्या वाफ्यात माझ्या हातून बी फार दाट पडलं. तिनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. ती टोकेल म्हणून मी जरा थांबले.

मग मी वाफ्यात खाली बसले आणि जास्तीचे धने एकेक करून वेचून काढले.