बांधाच्या अलीकडचं पाचट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही रडतखडत. पण पलूसच्या काळ्या रानात मी कुणालाही मागं टाकील असा ऊस पिकवलाय, हे आधीच सांगून ठेवतो.

ऊस तुटून गेला की रानात वाळलेल्या पाल्याचा थर उरतो. ते पाचट. ते पेटवून द्यायचं आणि त्याच बुडख्यांवर फुटणारा पुढचा ऊस, म्हणजे खोडवा, घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. वाटण्या झाल्या तरी आम्हा दोघा भावांचं पाचट एकाच दिवशी पेटायचं. पहिली काडी थोरल्यानं ओढायची, तो त्याचा मान. मागून मी ओढायचो.

गेल्या साली मी काडी ओढली नाही. शेतकी अधिकारी चावडीपुढं सांगून गेला होता, की पाचट जाळलं की त्यातला कार्बन धूर होऊन वर जातो आणि हवा तापवतो, सरीत कुजवलं तर त्यातला काही मातीतच राहतो. लोक हसले. "आपल्या बांधावरच्या धुरानं आभाळ तापतंय व्हय रं?"

मी हसलो नाही. ऊन कसं चढत गेलंय, ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. आणि माझ्याच रानाचं खत मीच काडी लावून उडवत आलो, हे मला लय झोंबलं.

मी पाचट सऱ्यांत दाबलं, पाणी दिलं. बुडख्यांतून हिरवे कोंब वर आले. थोरल्याचा ऊस उशिरा तुटला. एका सांजेला तो बांधावर आला.

"उद्या पेटवतोय. तुझंबी पेटव."

"न्हाई."

"वारं तुझ्याकडंच हाय. माझी आग बांधाशी थांबंल व्हय?"

"मी थांबवीन."

"लय शाना झालास. थोरल्याचा मान मोडतोस?"

"दादा, मान तुझाच हाय. पण रान माझं हाय."

तो थुंकून निघून गेला. दिवस उगवायच्या आत मी बांधालगतचं पाचट आत ओढलं आणि कडेच्या सरीत पाणी सोडलं. बायको म्हणाली, "आवं, वय काय तुमचं? कोंब तर जळतीलच, तुमीबी भाजून घ्याल."

"तू गोणपाट भिजव."

हट्टी म्हातारा म्हणाली, पण भिजवलं.

थोरल्यानं काडी ओढली. ज्वाळा बांधापर्यंत आल्या आणि ओल्या सरीशी अडल्या. मी मिशीवर हात फिरवतोय तोवर पेटता पाला उडून माझ्या रानात, वरून सुकलेल्या पाचटावर पडला. मी झोडपून विझवला. दुसरा लांब पडला. तिथवर माझे पाय पोचेनात. कोंबांना आच लागायला लागली.

तेवढ्यात थोरला बांध ओलांडून आला. माझ्या बायकोच्या हातातलं गोणपाट हिसकावून आग झोडपायला लागला, तोंडानं मला शिव्या घालत. "मर म्हणावं ह्येच्या हट्टानं! आरं तिकडं बघ, मुडद्या, तिकडं पेटलंय!"

कोपऱ्यातले थोडे कोंब करपले. बाकी रान वाचलं. आम्ही दोघं काळ्या तोंडानं बांधावर टेकलो.

"पुढल्या सालीबी मी पेटवणार," तो धापा टाकत म्हणाला.

"पेटव की. मीबी हितंच हाय."

औंदा त्याचा ऊस परवाच तुटला. कडेची सरी मी भिजवून ठेवली आहे, गोणपाटंही. काडीपेटी घेऊन तो अजून आलेला नाही. येऊ दे.